बुटक्या खिडक्या

कल्याणच्या पुढे खडवलीला एका संस्थेसाठी पाळणाघर बांधायचं होतं आणि आर्किटेक्ट म्हणून माझ्या डोक्यात एकच खूळ होतं: इमारत गावात मिसळून गेली पाहिजे. ठाण्यात माजिवड्याच्या एसी ऑफिसात बसून मी कागदावर मातीच्या भिंती काढल्या, कौलं काढली आणि मुलांच्या छातीइतक्या बुटक्या खिडक्या काढल्या. पोरांना भेंडीचं शेत दिसावं, त्यापलीकडचा डोंगर दिसावा. माझी मुलगी ठाण्यात ज्या पाळणाघरात वाढली, तिथून सोसायटीचं पार्किंग दिसायचं. त्याचा सल असावा.

संस्थेने गावातल्या आयांना नकाशा बघायला बोलावलं. मातीच्या भिंतींवरून कुरकुर होणार म्हणून मी उत्तरं पाठ करून गेलेले. भिंतींबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. भेंडी तोडायला जाणारी एक आई, दीड वर्षाचा मुलगा कडेवर, खिडक्यांवर बोट ठेवून इथून काय दिसणार ते विचारत राहिली. शेत, मी कौतुकाने म्हटलं.

"शेतात मीच असनार ना, ताई. मी दिसली की तो रडंल. तो रडला की माझा हात नाय चालनार. काम सुटंल माझं."

माझ्या त्या सुंदर देखाव्यात ही बाई होती आणि मला ती दिसलीच नव्हती. लाज वाटली. खिडक्या वर घेते म्हटलं, तर बाकीच्या म्हणाल्या, मग आम्हाला पोरं कशी दिसायची? म्हणजे आईला मूल दिसावं, पण मुलाला आई दिसू नये. अशी खिडकी कुठल्या कॉलेजात शिकवतात? आठवडाभर डोक्याचा भुगा झाला. शेवटी खिडक्या तशाच ठेवल्या, वर गुंडाळता येतील अशा बांबूच्या चटया लावल्या आणि त्या कधी उचलायच्या ते सांभाळणाऱ्या मावशींवर सोपवलं. तोडगा कसला, मी आपली जबाबदारी त्यांच्या गळ्यात मारली.

पाळणाघर सुरू झालं त्या दिवशी मी गेले. मुलं रमल्यावर मावशींनी एक चटई वर केली. तोच मुलगा खिडकीशी गेला. समोर त्याची आई वाकून भेंडी तोडत होती. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, वळला आणि ठोकळ्यांशी जाऊन बसला. मला इतकं हायसं वाटलं.

तोडणी आटपून ती धावतच आली. रडला का, तिने विचारलं. एकदाही नाही, मावशी म्हणाल्या. मला वाटलं, ती खूश होईल. ती दारातच बसली आणि भेंडीने खाजणारे हात पदराला घासत राहिली.

"मला बघितलंच नाय का त्यानं?"

मावशी माझ्याकडे बघायला लागल्या.

चटया खालीच होत्या, मी म्हटलं. ती "मंग बरं" म्हणून उठली आणि मुलाला उचलून घरी गेली. ते खोटं बोलून मी बरं केलं की वाईट, मला आजही ठरवता येत नाही.