टिकलीचं पथ्य

माझी वहिनी लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ गाडीत तिच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो आणि समोरच्याची चूक व्हायच्या आत ती तो दाबते, म्हणून सगळे तिला ब्रेकबाई म्हणतात. सहा फुटी माणसालाही सुनावते, "आरशात स्वतःला नंतर बघा, आधी मागची बस बघा." अशी बाई घरात मात्र सोम्यागोम्याचं ऐकत बसली, याचा मला आजही संताप येतो.

झालं असं की तिच्या मुलीच्या, टिकलीच्या, अंगावर पित्ताच्या गांधी उठायला लागल्या. लाल, फुगलेल्या, खाजून जीव नकोसा करणाऱ्या. आज पाठीवर, उद्या मांडीवर, आणि महिने गेले तरी थांबेनात. मग सल्ले सुरू झाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला! शेजारीण म्हणाली, अंडी बंद करा. माझी आई म्हणाली, दूध आणि दही बंद. वहिनीच्या ऑफिसातला हिशेबनीस, ज्याला स्वतःच्या ढेकरांचं कारण कळत नाही, तो म्हणाला, मासे बंद. उन्हाने अंग तापतं म्हणून बाहेर खेळणंही बंद. बंद करायला सगळे पुढे, पुन्हा सुरू करा म्हणणारं कोणी नाही. पोर सुकली, गांधी होत्या तशाच. दुखणं रेड्याला नि डाग पखालीला, दुसरं काय!

शेवटी मुलांच्या डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं. व्हिटॅमिन डी पार तळाला गेलेलं.

"ऊन, मासे, अंडी, दूध, हे सगळं कोणी बंद केलं?" त्यांनी विचारलं. आई छताकडे बघत बसली.

"पोटात चांगले जंतूही असतात, त्यांनाही तऱ्हेतऱ्हेचं खाणं लागतं," बाई म्हणाल्या. "अशा काही मुलांमध्ये डी कमी आणि पोटातल्या जंतूंचा तोल बिघडलेला, असं दिसतं. एकामुळे दुसरं होतं का, हे अजून कोणाला नक्की माहीत नाही. मी डीचे थेंब देते, पण वचन देत नाही. हिच्या बाबतीत खाण्याचा दोष दिसत नाही, सगळं सुरू करा. खाजेचं औषध चालू ठेवा, आणि गांधी उठल्या की मला कळवा."

घरी येताच आईने पुस्ती जोडली, "सुरू करा, पण काही उठलं की त्याच दिवशी बंद." वहिनी थकली होती. "बरं," म्हणाली. त्या "बरं"वर माझा सगळ्यात जास्त राग आहे.

आणि काय आश्चर्य, गांधी गेल्या! रोज विचारलं की टिकली मान हलवायची, "नाहीत." आंघोळही दार लावून स्वतःची स्वतः करायला लागली. दूध आलं, अंडं आलं. आई थेंबांच्या बाटलीचे गोडवे गात फिरायची. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, असंच राहिलं तर पुढच्या भेटीत खाजेचं औषध कमी करू.

मग एका रणरणत्या दुपारी वहिनीने पाहिलं, पोरगी घरातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसलेली. तिने बाही वर सरकवली. कोपरापर्यंत गांधी, नखांनी ओरबाडलेल्या.

"कधीपासून?"

"रोजच असतात."

"मग सांगितलं का नाहीस गं?"

टिकली एकदम ओरडली, "सांगितलं की तुम्ही काढून घेता! मला खाज चालेल!"

वहिनी उसळली. आधी आईवर, "तुमचं ते पथ्य!" मग माझ्यावर, "ताई, तुम्ही काय नुसत्या बघत बसलात?" शेवटी स्वतःवर, आणि स्वतःला तिने जे काही म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. आपणच पोरीच्या तोंडचा घास काढला, वर तिला खोटं बोलायला शिकवलं. तिने तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला.

"म्हणजे थेंबांचा उपयोग होतोय की नाही, मला काहीच कळलेलं नाही," बाई म्हणाल्या. "औषध कमी करायचं नाही. आणि खाणं तर मुळीच काढून घ्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने टिकलीसमोर उकडलेलं अंडं ठेवलं. "आता काहीही उठलं तरी कोणी काही बंद करणार नाही," ती म्हणाली. "शप्पथ. तू फक्त खरं दाखवायचं. बघू, आज कुठे कुठे आहेत?"

टिकलीने बाही वर करून एक हात पुढे केला. दुसऱ्या हाताने ताटली घट्ट धरून ठेवली होती.