यातायात म्हणजे ट्रॅफिक नव्हे

गाझियाबादला आमच्या गल्लीच्या तोंडाशी थेटर होतं ना, तिथं आता लग्नाचा हॉल झालाय. मॉल आले, मॉलमध्ये गारेगार थेटरं आली, आणि आमचं बापडं पंख्यांचं थेटर बंद पडलं. पंखे तरी कसे, पडद्यावर कुणी हळू बोलायला लागलं की यांची घरघर वाढायची. तिथं पाहिलेल्या निम्म्या सिनेमांच्या गोष्टीही आता आठवत नाहीत. एक रविवारची सकाळ मात्र आठवते, ती सांगते.

सासरे गेल्यावर सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या. बाई भारी बोलकी. तिकडं भाजी आणायला गेल्या तर भाजीवालीच्या सुनेचं बाळंतपण ऐकूनच परत यायच्या. आणि इथं सगळं हिंदी. हे ऑफिसला, मी शिवणाच्या क्लासला, आणि त्या गॅलरीत बसून खालच्या बायकांच्या गप्पा नुसत्या ऐकायच्या. दिवाळी झाली आणि म्हणाल्या, "मला साताऱ्याचं तिकीट काढून द्या. जिभेला गंज चढला माझ्या."

तिकडं घर कुलूपबंद, एकट्या राहणार कशा? पण अडवू तरी कोणत्या तोंडानं? मी म्हटलं, "थंडी सरू द्या आई, मग बघू." त्यांनी ट्रंक मात्र पलंगाखालून बाहेर काढून ठेवली. येता-जाता मला ठेच लागायची तिची.

त्याच सुमारास घरोघरी केबल आली होती आणि थेटर ओस पडायला लागलं होतं. आमच्या मराठी मंडळानं मॅनेजरला गाठलं, की रविवारी सकाळी एक मराठी सिनेमा लावा, रिळं आम्ही मुंबईहून मागवतो. तो म्हणाला, "लगा देंगे जी, बस हॉल भरना चाहिए." आता आमची मराठी घरं ती केवढी, एका बसमध्ये मावतील एवढी. मग मी गल्लीतल्या पंजाबी बायकांना गळ घातली. आमच्या समोरच्या घरातली, तिला आम्ही समोरचीच म्हणायचो, ती म्हणाली, "समझ में क्या आएगा?" मी म्हटलं, "मैं बताती जाऊँगी, चलो तो सही."

निघाल्या सगळ्या. कुणी विणकाम घेऊन, कुणी पराठे बांधून. सासूबाई नवं लुगडं नेसून पुढं.

सिनेमा सुरू झाला. मी कुजबुजत अर्थ सांगत होते, पण माझं एक वाक्य होईतो पडद्यावर तिघं बोलून मोकळे. तेवढ्यात ती नायिका चुलीपुढं बसून रडत म्हणाली, "या संसारासाठी मी केवढी यातायात केली!"

हिंदीत यातायात म्हणजे रहदारी. मागून समोरचीचा आवाज आला, "हैं? गाँव में ट्रैफिक?" हॉल हसला. आणि माझ्या शेजारून सासूबाई उठल्या, मागं वळल्या आणि खणखणीत म्हणाल्या, "ट्रैफिक नाही ओ! हाल. औरत का हाल. पानी लाया, लकड़ी लाया, सास का सुना, वो यातायात!"

मग समोरची म्हणाली, "हाय, ये तो हमारी भी है, माताजी."

त्यानंतर मला कुणी विचारलंच नाही. "माताजी, ये कौन?" "माताजी, अब क्या बोली?" आणि माताजी सांगतायत. पुढचं पण आधीच सांगतायत. "अब सास आएगी. बुरी है. मेरे जैसी नहीं." मी हसले, तर मला म्हणतात, "तू पडद्याकडं बघ." मध्यंतरात बायकांनी त्यांना मधे घेतलं, पराठा त्यांच्या हातात, लोणच्याची चौकशी चाललेली.

घरी येताना मी विचारलं, "आई, एवढं हिंदी कुठून आलं?"

"गॅलरीतनं," त्या म्हणाल्या. "बोलले नव्हते, चुकेल म्हणून. आज बघितलं, चुकलं तरी कुणाचं काही जात नाही."

घरात शिरताच त्यांनी पायानंच ट्रंक पलंगाखाली सरकवली. तिकिटाचं नाव मीही काढलं नाही, त्यांनीही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गॅलरी रिकामी, त्या खाली. पुढं आमचं घर म्हणजे त्यांची कचेरीच झाली. कुणाची सून रुसली, कुणाचं लोणचं बिघडलं, सगळी जिना चढून वर. शेवटपर्यंत त्या आमच्याकडेच राहिल्या, आणि त्यांचं हिंदी शेवटपर्यंत तसंच राहिलं.

परवा समोरचीच्या नातीचं लग्न त्याच हॉलमध्ये होतं. जिथं पडदा होता तिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या. समोरची आता नोएडाला राहते, लेकाकडं. घामाघूम होऊन आली, माझ्या शेजारी धपकन बसली आणि म्हणाली, "रास्ता जाम, ऊपर से ये भारी साड़ी. बहुत यातायात करके आई हूँ, बहन."

मी विचारलं, "कौन सी वाली?"

"माताजी वाली," ती म्हणाली, आणि पदरानं वारा घ्यायला लागली.