आठवं तापमान

प्रयोगशाळेत तिला सगळे थांबाताई म्हणत, अगदी तोंडावर. कोणी काहीही विचारलं की तिचं उत्तर एकच असे, "थांबा, अजून बसलं नाही." बसायचं असे ते तिच्या भांड्यातल्या द्रवाला.

ती तिथे लागली ती काचेची भांडी घासायला. अकरा वर्षं तिने ती घासली. घासताघासता तिच्या लक्षात आलं की मोठ्या शिकलेल्यांचे द्रव थंड करताना हमखास गोठतात, स्फटिक धरतात, आणि मग ते लोक यंत्राला शिव्या देतात. दोष धुळीचा होता. एक कण राहिला तरी त्याच्याभोवती गोठणं सुरू होई. तिने स्वतः घासलेल्या भांड्यात, धक्का न लावता, हळूहळू थंड केलेला तोच द्रव गोठणबिंदूच्या किती तरी खाली गेला तरी द्रवच राही. फक्त मधासारखा, मग डांबरासारखा घट्ट होत जाई. हे पाहून विभागप्रमुखांनी, म्हणजे सरांनी, तिला भांड्यावर बसवलं. पगार मात्र भांडी घासणारीचाच राहिला. पदनाम बदलायला समिती लागते, आणि समितीची बैठक ठरली की एखादा सभासद निवृत्त होई.

काम सांगायला सोपं होतं. द्रवात दोन पत्रे बुडवलेले. त्यांच्यात थोडी वीज सोडली की द्रवाचे रेणू एका बाजूला कलतात. वीज काढली की परत आपापल्या जागी येतात. त्यांना परत यायला किती वेळ लागतो, ते यंत्राचं पेन कागदावर रेघ ओढून सांगे. अशी आठ तापमानं घ्यायची होती, प्रत्येक आधीच्यापेक्षा साडेतीन अंश खाली. सरांनी भिंतीवर तक्ता लावला. आठ चौकोन, आठ दिवस, नवव्या दिवशी अहवाल. चौकोन सगळे सारखे होते, पट्टीने आखलेले.

"सर, असं नाही होणार," थांबाताई म्हणाली. "दर पायरीला दहापट वेळ लागतो. पहिल्याला दहा सेकंद, दुसऱ्याला शंभर. पाचव्याला अख्खा दिवस जाईल."

"मग आठव्याला?"

"तीन-चार वर्षं."

सरांनी तक्त्याकडे पाहिलं. तक्ता सुंदर होता. "तू सातपर्यंत चल," ते म्हणाले. "आणि सातव्यालाही फार ताणू नकोस. तिथे हालचाल थांबलेलीच असते. मी माझ्या पुस्तकात लिहिलंय तसं."

पाचव्या तापमानाला खरोखरच दिवस गेला, सहाव्याला बारा दिवस. सातव्याला चार महिने लागणार होते. तिने वीज काढली, तारीख लिहिली, आणि रोज सकाळी येऊन रेघ पाहू लागली. रेघ आडवी दिसे. भिंग लावलं तर केसभर उतरलेली.

घरी नवरा विचारी, "काय केलंस दिवसभर?" तो बस चालवायचा. मिनिटावर चालणारा माणूस.

"द्रव थोडा हलला."

"कालही थोडाच हलला होता."

एका रविवारी तो स्वतः बघायला आला. भांड्याच्या खिडकीतून वाकून पाहिलं. आत पारदर्शक काच असावी तसं काहीतरी होतं. "अगं, हे तर दगड झालंय. यात काय हलणार?"

तिने हातातलं भिंग खाली ठेवलं. मग म्हणाली, "अहो, तुमच्या डेपोत सुटीच्या दिवशी सगळ्या गाड्या आणून खेटून लावतात ना? मधली एक बाहेर काढायची तर काय करता?"

"आजूबाजूच्या वीस हलवायला लागतात. त्यांच्यासाठी आणखी वीस. अर्धा दिवस जातो."

"तसंच हे. गार झालं की रेणू एकमेकांना खेटतात. शेजारी सरकल्याशिवाय कोणालाच सरकता येत नाही, आणि शेजाऱ्याचंही तेच. पण सरकतात."

त्याने पुन्हा आत पाहिलं, या वेळी जरा आदराने. "ड्रायव्हर जाम वैतागत असतील," तो म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात मुख्यालयातून तपासनीस आले. कुठली यंत्रं चालतात आणि कुठली नुसती जागा अडवून बसलीत, हे पाहणं त्यांचं काम. थांबाताईच्या यंत्रासमोर ते घड्याळ लावून एक तास बसले. तेवढ्यात त्यांचा चहा गार झाला, पेन जागचं हललं नाही. त्यांनी वहीत लिहिलं: बंद. भंगारात काढावे.

"साहेब, बंद नाही," ती म्हणाली. "चालू आहे. तुम्ही तासभर बघितलंत. तीन महिने बघा."

"बाई, माझ्याकडे एकूण तीनशे यंत्रं आहेत."

"मग बाकीची आधी बघून या."

तपासनीस हसले नाहीत. त्यानंतर पंधरा दिवसांतच यंत्राची वीजजोडणी काढण्याचा हुकूम आला. जोडणी काढली की थंड करणं बंद पडून भांडं तापणार, आणि सव्वा महिन्याची रेघ वाया जाणार. ती सरांकडे गेली. सर म्हणाले, "वरून आलंय, आपण काय करणार? आणि तसंही हालचाल थांबलेलीच आहे."

त्या दिवशी थांबाताईने जेवणाच्या सुटीत नियमावलीचं जाड पुस्तक मागवलं. ते कोणी मागवत नसे, त्यामुळे कारकुनालाही ते शोधायला तास लागला. त्यात एक कलम होतं. कोणत्याही कर्मचाऱ्याने हरकत नोंदवली, तर तिचा निकाल लागेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही.

"हरकतीचा निकाल लागायला साधारण किती दिवस लागतात?" तिने कारकुनाला विचारलं.

"नियमाप्रमाणे दहा." कारकुनाने आजूबाजूला पाहिलं. "माझ्या आठवणीत सगळ्यात लवकर लागला तो सात महिन्यांनी. पण तो माणूस वरच्यांचा मेहुणा होता."

तिने हरकत लिहिली, स्वच्छ अक्षरात, तीन प्रतींत. मग परत जाऊन रेघ पाहिली.

फाइल एका टेबलावरून दुसऱ्यावर गेली. तिथून परत आली, कारण एका प्रतीवर सही निळ्या शाईची होती. पुन्हा गेली. ती ज्याच्याकडे होती तो रजेवर गेला. आयुष्यात पहिल्यांदाच थांबाताईने कार्यालयाला मनापासून आशीर्वाद दिले. इकडे रेघ उतरत होती. दुसरा महिना सरला तेव्हा उतार डोळ्यांना दिसू लागला. चौथ्या महिन्याच्या शेवटी पेन तळाशी येऊन स्थिरावलं, तिने काढलेल्या हिशेबापेक्षा सहाच दिवस उशिरा.

तिने कागद गुंडाळला आणि सरांच्या टेबलावर उलगडला. टेबल पुरलं नाही, टोक जमिनीवर गेलं. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"म्हणजे थांबत नाही," ते म्हणाले.

"नाही."

"मी हेच म्हणत होतो."

शोधनिबंध छापून आला. लेखकांत सर होते, आणखी दोघे होते. त्यातला एक तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला. शेवटी बारीक अक्षरांत कर्मचाऱ्यांचे आभार होते. थांबाताईने तो दोनदा वाचला, आणि सरांना जाऊन सांगितलं की तिसऱ्या पानावर एक तापमान चुकलंय. सर ओशाळले. चूक दुरुस्त झाली. तिचं नाव राहून गेलं ते राहूनच गेलं, आणि त्याचं तिला वाईट वाटलं. घरी तिने ते नवऱ्याला सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी तो अंक घेऊन गेला आणि डेपोत सगळ्यांना आभाराची ओळ दाखवून आला. "ही आमची," असं सांगत.

हरकतीचा निकाल नवव्या महिन्यात लागला. यंत्र चालू असल्याचे मान्य करण्यात येत आहे, मात्र ते अधिक वेगाने चालवावे, अशी त्यात सूचना होती. थांबाताईने तो कागद फाइलीत लावला आणि निवृत्तीला किती वर्षं उरलीत ते बोटांवर मोजलं. साडेचार निघाली. तिने भांडं साडेतीन अंश आणखी खाली नेलं.