खुर्चीतली दोन वर्षं

मंगलच्या धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी नाशिकरोडच्या बाजारात कोथिंबिरीवरून हुज्जत घालत होते. "ताई, अक्का गेली. ऑफिसातच चक्कर आली... दवाखान्यात नेईपर्यंत..." मी "बरं" म्हणाले आणि भाजीवालीला म्हणाले, "दोन जुड्या दे, पण ताज्या दे." त्या जुड्या ओट्यावर पिवळ्या पडल्या. आता महिना उलटलाय, तरी माझं कशातच चित्त नाही. चहा ठेवते, विसरते, जिन्यापर्यंत जाते, परत येते. शाळेत शिकवायला जाते तीही अधूनमधून. बाई, मला असं सोडून जायचं तुला काय अडलं होतं?

मंगल आणि मी एकाच कॉलनीतल्या, शाळेत एकाच बाकावरच्या. ती सातपूरला एका कारखान्यात हिशेबाचं काम बघायची. तिचे बाबा गेले आणि ही आतून बसलीच. नोकरी सोडली. गॅलरीत नायलॉनच्या पट्ट्यांची एक खुर्ची होती, सकाळी त्यात बसायची ती दिवे लागेपर्यंत. केस विंचरायचे तेही तिच्या आईनं. मी जाऊन शाळेतल्या सगळ्यांची उणीदुणी काढायचे, तर म्हणायची, "तू बोल गं, मी आहे इथंच." अशी दोन वर्षं गेली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, आणि हळूहळू ती उठली. त्याच खुर्चीत बसून तिनं परीक्षेचा अभ्यास केला आणि सरकारी खात्यात निवड झाली. कॉलनीत पेढे वाटले आम्ही!

मग नेमणुकीआधीच्या पोलीस पडताळणीचा फॉर्म आला. मागच्या सगळ्या वर्षांत कुठं होतात, काय करत होतात, सगळं लिहा. मी लगेच म्हणाले, "माझ्या दिरांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे ना. तिथं कामाला होतीस म्हणून दाखला देतील. सही, शिक्का, विषय संपला." ती हसली. "आणि त्यांनी विचारलं, फ्यूज कसा बदलतात, तर?" मी म्हटलं, "मस्करी नको. डोक्याच्या गोळ्या घेत होते असं लिहिशील तर कोण घेईल तुला?" तेव्हा तिनं फॉर्मवर बोट ठेवलं. "हे वाच. माहिती खोटी दिली, लपवली, तर नोकरी जाईल. आजारी पडलात तर जाईल असं कुठं लिहिलंय?" आणि तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'नोकरी नव्हती. आजारी होते, उपचार चालू होते. घरी होते.' डॉक्टरांचे कागद जोडले. मी चिडून चहा न पिता निघून आले.

पण आमची कॉलनी कसली गप्प बसते! चौकशीला हवालदार येणार, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणार, हे सगळ्यांना माहीत. ज्यानं त्यानं मनातल्या मनात मंगलला वाचवायचं ठरवलं, फक्त एकमेकांशी बोलायचं राहून गेलं. हवालदार आले, जयभीम झाला आणि माझ्याकडून दुकानाचं ऐकलेल्या समोरच्या गायकवाडकाकू न विचारताच म्हणाल्या, "लय गुणाची पोर, साहेब. दोन वर्षं इलेक्ट्रिकच्या दुकानात होती." खालच्या मजल्यावरचे भालेरावआण्णा म्हणाले, "छे हो! शिकवण्या घ्यायची. माझा नातूच होता ना तिच्याकडं." हवालदारांचं पेन थांबलं. "नक्की काय?" मी मागून आण्णांना खुणावत होते.

मंगल पाण्याचा ग्लास घेऊन बाहेर आली. "साहेब, ही माणसं माझ्यावरच्या मायेनं बोलतायत. मी घरी होते. बाबा गेल्यावर मन ताळ्यावर नव्हतं माझं. तुम्ही बसलाय ना, त्याच खुर्चीत बसून असायचे."

हवालदारांनी खुर्चीकडं पाहिलं. "आणि आता?"

"आता गोळ्या बंद आहेत. झोप लागते. आज तेवढा तुमच्यामुळं पोटात गोळा आलाय."

ते हसले नाहीत. लिहून घेतलं, पाणी प्यायले, गेले. काकू पदर तोंडाला लावून उभ्या.

पुढचे महिने मला आठवतात ते तिच्यावर ओरडण्याचे. बरोबरच्या मुलींना नेमणुकीच्या ऑर्डरी आल्या, हिची नाही. "बस आता हरिश्चंद्र होऊन!" असं मी तिला भर रस्त्यात म्हणाले. तिला वरच्या ऑफिसातून बोलावणं आलं, पुन्हा डॉक्टरकडून तपासून घ्यायला लावलं. त्या दिवशी परतताना मी तिच्याबरोबर रिक्षात होते. "भीती वाटते गं," म्हणाली. "पण दुकानाचा दाखला दिला असता ना, तर रिटायर होईपर्यंत अशीच भीती वाटली असती." ऑर्डर आली तेव्हा ती रडली नाही, मीच हमसून हमसून रडले. पुढं इतकी वर्षं नोकरी केली तिनं, आणि कुणी विषय काढला की सांगायची, मधे आजारी होते. तेवढंच. मला मात्र दर वेळी वाटायचं, कशाला सांगतेस...

परवा तिच्या घरी गेले. आईंनी चहा टाकला. खुर्ची तिथंच आहे, फक्त पट्ट्या बदलल्यात. मी बसले. महिन्याभरात पहिल्यांदा माझे पाय हलायचे थांबले. तेवढ्यात शाळेतून मेसेज आला, रजांचं कारण कळवा. मी सवयीनं लिहिलं, 'ताप होता.' आई आतून म्हणाल्या, "साखर किती गं घालू?" "एकच चमचा," म्हणाले. मग 'ताप होता' पुसलं आणि लिहिलं, 'मैत्रीण गेली. आजारी नव्हते. घरी होते.'