एनोस क्रेबिलची अकरा पत्रं

ओहायोतल्या हार्कर्सव्हिल गावात एनोस क्रेबिलचं पत्रेकामाचं दुकान होतं. १९११ साली त्याचा मेहुणा लेमुएल रस्त्यात गाय आडवी आली म्हणून मोटार थांबवायला गेला आणि मागची मोटार त्याच्यावर चढली. मागच्याला तो थांबतोय हे कळलंच नव्हतं. लेमुएल गेला. एनोसने मग ब्रेकच्या पट्टीला तार जोडून मोटारीच्या मागे पत्र्याचा लाल हात बसवला. ब्रेकवर पाय पडला की हात आपोआप वर. पेटंट काढायचं आणि त्या हाताला लेमुएलचं नाव द्यायचं, असं त्याने बायकोला, लीडियाला, कबूल केलं.

पण आधी काय केलं? गावातल्या अकरा मोटारींना हात बसवून दिले, पेटंट ठेवलं सवडीवर. इतका भला माणूस इतका आळशी असावा याचा संतापच येतो.

सवड मिळाली १९१६ मध्ये. सरकारला खात्री पटावी म्हणून त्याने अकराही जणांकडून पत्रं घेतली आणि वकिलाला न विचारता वॉशिंग्टनला धाडली. डॉक्टर प्रुइटांचं पत्र सगळ्यांत झकास होतं: ‘चार वर्षं रोज वापरतोय. पहिल्या दिवसापासून बिनचूक.’ ते त्याने लीडियाला दोनदा वाचून दाखवलं.

अर्ज फेटाळला गेला.

“अर्जाआधी दोन वर्षांहून जास्त काळ लोक वापरत असले तर पेटंट मिळत नाही, एनोस,” वकील म्हणाला.

“अहो, मी तर अजून तपासतच होतो.”

“तेच सांगता आलं असतं, चाचणीचा वापर धरत नाहीत. पण तूच डॉक्टरांचं पत्र धाडलंस ना, पहिल्या दिवसापासून बिनचूक? आता कुठल्या तोंडाने सांगू?”

शहरातल्या एका कारखान्याने तसाच हात बनवायला घेतल्याचंही वकिलाने सांगितलं. पुढचे कित्येक दिवस एनोसने दुकान उघडलं नाही.

रविवारी चर्चहून परतताना डॉक्टर घरी डोकावले. लीडियाने कॉफी ठेवली.

“काय एनोस, माझ्या पत्राचा उपयोग झाला का नाही?”

“खूप झाला, डॉक्टर.”

“मी म्हटलंच होतं. मग कधी येतोय बाजारात आपला लेमुएल?”

एनोसने मान खाली घातली. त्याला ती वर करवेना.

“येईल, डॉक्टर,” लीडिया म्हणाली, “दुसऱ्याच्या नावाने.”