दुसऱ्याचं पाकीट

वारज्यातल्या आमच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाचं एक तरी मूल अमेरिकेत आहे. त्यामुळे विमानतळाचे आणि व्हिसाचे किस्से इतके साठलेत, की फिरणं कमी आणि बाकावर बसणं जास्त होतं. तिकडे काय सांगायचं आणि काय नाही, हा नियम मात्र मला अजून कळलेला नाही.

*

कुलकर्णी वहिनींनी तिकडे उतरल्यावर कस्टमच्या फॉर्मवर मेतकूट, लोणचं, डिंकाचे लाडू, सगळं इमानदारीत लिहून दिलं. रोख रकमेचा रकाना कोरा! "ती काय खायची वस्तू आहे?" पर्समध्ये थोडेच डॉलर होते म्हणून निभावलं. लोणचं मात्र गेलं. खरं सांगून लोणचं गेलं आणि गप्प बसून डॉलर राहिले, तर यातून शिकायचं काय, ते वहिनींना कळेना. मलाही कळेना.

*

अशा वेळी जोशी समजावतात. जोशी बँकेतून रिटायर झालेत, म्हणून बाकाचे सल्लागार.

"अहो, रोख नेणं गुन्हा नाही. ठरावीक रकमेच्या वर असून न सांगणं, हा गुन्हा."

"नवरा-बायकोनं निम्मी निम्मी वाटून घेतली तर?"

"चालतं."

साने पती-पत्नी तसंच करायला गेले. अधिकाऱ्यानं दोघांची बेरीज केली. सानेकाका म्हणाले, "आमचं घरातसुद्धा वेगवेगळं असतं." त्यानं ऐकलं नाही. जोशींचं म्हणणं, सान्यांनी त्यांचं बोलणं अर्धवट ऐकलं होतं.

*

शैलाताई लेकीच्या वास्तुशांतीला निघाल्या. स्वतःची रोख मर्यादेच्या आत. वर आम्ही सगळ्यांनी आहेराची बंद पाकिटं दिली, मुलं इथे ठेवून गेलेले डॉलर भरून. जोशींचं पाकीट सगळ्यात देखणं होतं.

तिकडे विचारलं, मर्यादेच्या वर रोख आहे का? या म्हणाल्या, नाही. पाकिटं लोकांची, ती आपण फोडायची नसतात, मग ती यांची रोख कशी? अधिकाऱ्यानं सगळी टेबलावर फोडली, बेरीज वर गेली आणि पैसे जप्त. पुढे दंड भरून सुटले, पण नावावर नोंद राहिली.

*

आता लेकीला सातवा लागला आणि शैलाताईंचा जुना व्हिसा संपलेला. "पहिलंच बाळंतपण आहे हो. व्हिसा नाकारला तर तिच्याजवळ कोण?" त्यांचे डोळे भरले, मलाही कसंतरीच झालं.

एजंट म्हणाला, सगळं सांगा. सानेकाका म्हणाले, विचारलं तरच सांगा. जोशी म्हणाले, "पाकिटांचा विषयच काढू नका!" ते इतक्या कळकळीनं कधी बोलत नाहीत.

*

परवा शैलाताई बाकावर पेढे घेऊन आल्या.

"मिळाला. मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, दुसऱ्याचं पाकीट फोडायची आमच्यात रीत नाही. तुमच्या माणसांनी फोडली, तेव्हा त्यातलं एक रिकामं निघालं."

त्यांनी खोका पुढे केला, जोशींनी एक पेढा उचलला.

"त्या अधिकारी बाई हसायलाच लागल्या. म्हणाल्या, कोणाचं होतं?"

"मग? सांगितलंत?" सानेकाकांनी विचारलं.

"व्हिसाच्या मुलाखतीत खोटं बोलून कसं चालेल?"

जोशींनी हातातला पेढा परत खोक्यात ठेवला.

"चला, ऊन वाढलं," म्हणाले आणि निघाले.

सूर्य अजून उगवायचा होता.