सगळ्या वर्गाचा एकच पासवर्ड

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये धूळ आणि किस्से सारखेच साचतात. धूळ निदान शिपाईमावशी शनिवारी पुसतात. किस्से माझ्याकडेच राहतात, कारण मी वर्गात बोलत नाही, नुसती बघते.

कॉम्प्युटर शिकवणारे माने सर मूळचे मंगळवेढ्याचे, फार प्रेमळ. लॅबला नवा वायफाय राउटर आला, तेव्हा चोरी नको म्हणून त्यांनी तो लोखंडी कपाटात ठेवून कुलूप घातलं.

"सर, नेट येईना!"

"न येऊ दे. नेटवर्क सिक्युरिटी म्हणजे हेच की!"

*

पुढं राउटर कपाटाबाहेर आला आणि एका कॉम्प्युटरवर नेट सुरू झालं, म्हणून सरांनी त्याचाच आयपी ॲड्रेस बाराही कॉम्प्युटरवर टाइप केला. नेटवर्कमध्ये प्रत्येकाचा पत्ता वेगळा लागतो, हे त्यांनीच शिकवलं होतं! सुरू होतं तेही बंद पडलं.

"माझ्या लॅबमध्ये भेदभाव न्हाय!" सर म्हणाले.

मला पुस्तकातलं ते पान पाठ होतं. मी हात अर्धा वर केला आणि केस सारखे केले.

*

अँटिव्हायरसची मुदत संपल्याची सूचना रोज स्क्रीनच्या कोपऱ्यात यायची. सरांनी तिच्यावर वहीचं लेबल चिकटवलं.

"आता दिसतंय का? नाही ना? चला, धडा चौथा, सायबर सुरक्षा!"

*

दहावीनंतर अकरावीचे ऑनलाइन फॉर्म लॅबमध्येच भरले. मला सायन्सच हवं होतं, पुढं कॉम्प्युटर शिकायचं म्हणून. मार्कही पुरत होते. सरांनी सगळ्या वर्गाला एकच पासवर्ड दिला, फळ्यावर लिहिला आणि खाली 'पुसू नये' असं लिहिलं. शेजारी सगळ्यांच्या लॉगिन आयडींची यादी चिकटवली.

"विसरलात तर वर्ष जाईल, पोरींनो!"

त्या दिवशी तरी मी बोलायला हवं होतं. नाही बोलले.

*

प्रवेशाची यादी लागली. माझं नाव कॉमर्सला! पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते नाकारता येत नाही, आणि माझी पहिली पसंती कुणीतरी बदलली होती.

मी शाळेच्या जिन्यात उभी होते. पद्मा धावत आली. बालवाडीपासूनची माझी एकुलती एक मैत्रीण. तिनं मला घट्ट मिठी मारली.

"मीच बदलली! माझंच कॉलेज टाकलं! आगं, तू कुणाशी बोलत न्हाईस, तितं एकटी काय करणार हुतीस? आता दोन वर्षं एकाच बेंचवर, लई मजा की!"

तिचे डोळे भरून आले होते.

मी म्हणाले, "थँक्यू."